गांवाची राखण

जेथें गांव निर्धास्त निजतें, तेथें कोणीतरी जागत असतो, ही साधी गोष्ट आपण सहज विसरतों. पूर्वीं हें जागणें जागल्याच्या वतनाचें काम असे, व पुष्कळ ठिकाणीं तें एकाच जातीच्या माथीं मारलेलें होतें. १९५८ च्या कायद्यानें तीं कनिष्ठ वतनें गेलीं, हें न्यायाच्या दृष्टीनें उत्तमच झालें. पुढें १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमानें पोलीस पाटील आला. परंतु राखणीचा जो भार आतां सर्वांनीं वांटून घ्यावयाचा, तो कोणीच घेतला नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

आमच्या किन्हवलीस पोलीस ठाणें आहे. पण भोवतालचे पाडे दूरदूर विखुरलेले. दारू पिऊन दंगा करणारा, जुगाराचा डाव मांडणारा, शाळेच्या वाटेवर मुलींची छेड काढणारा कोठेंही असो, तो प्रथम शेजाऱ्याच्या दृष्टीस पडतो, पोलिसांच्या मागाहून. "आपल्याला काय त्याचें?" म्हणून शेजारी दार लावून घेतो, आणि उपद्रवी माणसाचें बळ दुणावतें.

ह्यावरील उपाय आमच्या शेजारच्याच तालुक्यांत झालेला आहे. भिवंडींत १९७० व १९८४ सालीं भयंकर दंगे झाले. १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापिल्या. हिंदु व मुसलमान शेजारी पोलिसांसह एका बैठकीस बसूं लागले. लहानसहान तंटे वाढण्यापूर्वींच मिटूं लागले. १९९२-९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली.

परंतु दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार मारिलें. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें चोर समजून दोन साधु व त्यांचा मोटारचालक ह्यांचा वध झाला. तो मुलूख २०१४ पर्यंत आमच्याच ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. त्या रात्रीं लोक जागे होते. परंतु असें जागणें काय कामाचें?

म्हणून आमचें मत असें कीं, गांवानें जागावें, हाक द्यावी, ११२ ह्या क्रमांकावर कळवावें. शिक्षा मात्र करूं नये. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास धरण्याची मुभा कायदा सामान्य माणसासही देतो; परंतु सहा तासांच्या आंत त्यास पोलिसांच्या स्वाधीन करावें, असेंही बजावतो. गस्तीस प्रत्येक घरानें पाळीपाळीनें माणूस द्यावा. बैठकींत स्त्रियांस, तसेंच पाड्यांवरील कातकरी व ठाकूर बांधवांस बरोबरीची जागा असावी. वाटसरूवर हात टाकण्यापूर्वीं त्यास नांवगांव विचारावें व तांब्याभर पाणी द्यावें. आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनीं एवढें तरी करावें: हातीं आलेली अफवा पुढें धाडूं नये, आणि घरच्या वडील माणसांसही तसें नम्रपणें सांगावें.