दोनशे रुपये जादा भरले, तरी नेट तेवढंच! दोष घरात की टाकीवरच्या डिशमध्ये?

करमाळा | प्रतिनिधी

कॉलेज प्रवेशाच्या फेऱ्या, पीक विम्याचा अर्ज, कुठल्यातरी योजनेची ई-केवायसी. या कामांसाठी पूर्वी एसटीनं तालुक्याला जाऊन सेतूत लाइन लावावी लागायची. आता गावोगावी घरात वायफाय आलंय, त्यामुळं पोरं म्हणतात, "घरीच भरतो." अन् ऐन शेवटच्या तारखेला संध्याकाळी फॉर्म सबमिट करताना स्क्रीनवर ते गोल फिरत बसतं.

गावात कुणाचंही नेट स्लो झालं की पहिला सल्ला एकच मिळतो, "प्लॅन वाढव." मीही वाढवला. ४० एमबीपीएसचा १०० केला, महिन्याला दोनशे रुपये जादा. तीन महिन्यांत सहाशे रुपये गेले, पण फरक दमडीचा पडला नाही. शेवटी ओळखीतल्या एका जोडणी करणाऱ्या पोराला चहाला बोलावलं आणि दोघांनी मिळून मोजमाप केलं. त्यातून जे कळलं ते आपल्या सगळ्यांच्या खिशाशी संबंधित आहे, म्हणून इथं मांडतोय.

आधी आकड्याचा घोळ. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. त्याला ८ नं भागायचं, म्हणजे साडेबारा एमबी. तेवढंही पुष्कळ झालं. मोबाइलवर एक चांगला व्हिडिओ बघायला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. मग चार माणसांच्या घरात ४० चा प्लॅन कमी का पडावा? कमी पडत नाही, वाटेत कुठंतरी गळतो.

पहिली गळती घरात. आमचा राउटर लोखंडी कपाटामागं होता, वायर दिसू नये म्हणून. लोखंड आणि पत्रा वायफायच्या लहरी अडवतात. जुन्या वाड्याची हातभर जाडीची मातीची भिंतही बऱ्याच खाते. पत्र्याची खोली असेल तर बाहेरच्या ओट्यावर नेट लागणं अवघडच. राउटर घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळा ठेवायचा. खर्च शून्य.

दुसरं, राउटर आणि मोबाइल किती जुना आहे ते बघा. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातं, भिंती ओलांडतं, पण हळू असतं आणि शेजाऱ्यांच्या वायफायशी त्याची धक्काबुक्की होते. ५ वेगवान, पण दोन भिंतींत दमतं. नेटच्या नावापुढं '५जी' लिहिलेलं असतं ती ही दुसरी पट्टी, मोबाइलवाल्या ५जीशी तिचा काही संबंध नाही. साधा जुना मोबाइल फक्त २.४ वर चालतो आणि त्यावर प्रत्यक्षात ३०-४० एमबीपीएसच्या वर फारसं मिळत नाही. मग प्लॅन १०० चा घ्या नाहीतर ३०० चा! स्वस्त राउटरच्या खोक्यावर '३००' छापलेलं असतं, पण मागचं वायरीचं भोक १०० चंच असतं, तेही बघून घ्या.

आता मुख्य चाचणी. कुणाचा तरी लॅपटॉप आणा, राउटरला थेट वायर लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. लॅपटॉप मिळत नसेल तर राउटरपासून चार हातांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर घ्या. घरातले बाकीचे मोबाइल, टीव्ही तेवढ्या वेळापुरते बंद. पहाटे, दुपारी आणि रात्री साडेआठला, असं तीन वेळा, तीन दिवस. आकडे वहीत लिहा.

माझ्या वहीतले सांगतो. कपाटाशेजारी जुन्या मोबाइलवर पहाटे सहाला १८. त्याच वेळी वायरीवर ९१. म्हणजे पहाटे बाहेरून पुरेपूर येत होतं, घालवत होतो आम्हीच. पण रात्री साडेआठला त्याच वायरीवर ११. इथं घरातल्या कुणाचा दोष नाही. हे दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि प्लॅन वाढवून दोन्ही बरे होत नाहीत.

रात्रीचा आजार पाण्याच्या टाकीवर आहे. आपल्याकडं बऱ्याच वाड्यावस्त्यांवर फायबर आलेलीच नाही. तालुक्यातून किंवा मोठ्या गावातून हवेतून नेट टाकीवरच्या डिशवर येतं आणि तिथून घरोघरच्या छोट्या डिशवर. समजा टाकीपर्यंत ३०० एमबीपीएस येतं आणि त्यावर ६० घरांना प्रत्येकी ५० विकलंय. विकलेले झाले ३०००. सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून दिवसा निभावतं. असं विकणं सगळेच करतात, त्यात लबाडीच आहे असं नाही. पण जेवणं झाल्यावर ४० घरांत एकदम व्हिडिओ लागले की वाट्याला साडेसात येतात. किती घरांना विकायचं याचा हिशोब ऑपरेटरनं ठेवायला हवा, आणि तो आपण विचारत नाही.

पावसाला मात्र उगाच बोल लावला जातो. आपल्याकडच्या डिश ज्या लहरींवर चालतात त्यांना पावसाच्या थेंबांचा फारसा त्रास नसतो. त्रास असतो वाऱ्यानं फिरलेल्या पाइपाचा, जोडात शिरलेल्या पाण्याचा आणि झाडाचा. डिशला डिश दिसली पाहिजे. उन्हाळ्यात जोडणी केली तेव्हा लिंब निष्पर्ण होता, जून-जुलैत तो भरगच्च झाला, वर ओली पानं. छतावर चढून टाकी स्वच्छ दिसते का एवढं बघितलं तरी निम्म्या तक्रारी कळतील. (चढताना विजेच्या तारा बघा, आणि डिश स्वतः फिरवू नका.)

लाइटचं तर विचारूच नका. टाकीवरची बॅटरी दमली की लोडशेडिंगच्या पहिल्या तासाभरात सगळं गाव बंद. शेतातल्या वस्तीवर गावठाणासारखी लाइट नसते, राउटर दिवसातून दहा वेळा चालू-बंद होतो. तिथं राउटरसाठीचा छोटा बॅटरी बॅकअप घेणं प्लॅन वाढवण्यापेक्षा फायद्याचं.

राहिला तक्रारीचा विषय. जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत' लिहिलेलं असतं, त्यातलं 'पर्यंत' आपण वाचत नाही. सरकारी व्याख्या तर आणखी उदार आहे. जानेवारी २०२३ पासून डाउनलोडचा वेग किमान २ एमबीपीएस असला की ते ब्रॉडबँड, त्याआधी ५१२ केबीपीएसवरच भागायचं. म्हणजे माझे रात्रीचे ११ कागदावर ब्रॉडबँडच ठरतात! तरी तक्रार करायची. ऑपरेटरला तोंडी सांगून थांबू नका. पावतीवर मूळ कंपनीचं नाव असेल तिच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. तिथं दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडं जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडं अर्ज पाठवून वेळ घालवू नका. आणि वहीतले आकडे तारीख-वेळेसह जोडा. "नेट स्लो आहे" याला "राउटर बंद करून चालू करा" हेच उत्तर मिळतं, पण वायरीवरच्या नऊ नोंदींना ते उत्तर पुरत नाही.

फायबर गावात कधी, हा प्रश्न ग्रामसभेत यायला पाहिजे. भारतनेटचा सुधारित कार्यक्रम केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केला, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा. त्यात ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडणीनं जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूला वायर तुटली तर दुसरीकडून नेट चालू राहील. ग्रामपंचायतीबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडणी, असं त्यात आहे. मागणीनुसार म्हणजे मागावं लागणार. रस्त्याच्या अन् पाइपलाइनच्या कामात जेसीबीनं वायर तोडली की ती कोण जोडतं, हेही त्याच सभेत विचारा.

आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून तीन दिवसांचे आकडे ऑपरेटरला दिले. त्यानं आधी प्लॅन वाढवायला सांगितलं. वायरीवरचे पहाटेचे आणि रात्रीचे आकडे शेजारी शेजारी दाखवल्यावर टाकीवर ताण आहे हे कबूल केलं आणि दिवाळीच्या आत दुसरी डिश बसवतो म्हणाला. मी प्लॅन परत ४० वर आणलाय. राउटर कपाटावरून भिंतीवर आला. पहाटे ३८ मिळतात, रात्री अजून ११-१२ च. डिश बसली की पुन्हा मोजून इथं आकडे देतो.