गट नंबर सांगा, मग ॲडव्हान्स मागा

स्पष्टच लिहितो. पवनेच्या काठावर टेंटचं जे ‘बुकिंग’ चालतं, त्यातलं बरंचसं बुकिंग नाहीच. तो एका अनोळखी नंबरवर पाठवलेला ॲडव्हान्स आहे, बस्स. आणि हे असंच चालू राहावं यात बऱ्याच जणांची सोय आहे, म्हणून ते चालू आहे.

बुकिंग म्हणजे काय? ठरलेली जागा, ठरलेला दर आणि काही बिघडलं तर जबाब देणारा ठरलेला माणूस. या तीनपैकी एक जरी नसेल, तर त्याला बुकिंग म्हणू नये.

घाटाखाली खोपोलीला इमॅजिका आहे. तिथलं तिकीट कुणाला महाग वाटेल, कुणाला परवडेल. पण त्यावर तारीख असते, कंपनीचं नाव असतं, नियम छापलेले असतात. भांडायचं झालं तर कुणाच्या दारात जायचं हे कळतं. दिवसा इमॅजिका आणि रात्री पवनेला टेंट, असा बेत हल्ली मुंबई-पुण्याची कुटुंबं सर्रास करतात. म्हणजे त्याच माणसाच्या खिशात दिवसा पक्कं तिकीट असतं, आणि रात्री लेकराबाळांना घेऊन पाण्याकाठी झोपताना फक्त एक व्हॉट्सॲप मेसेज: ‘डन सर, या बिनधास्त.’

डिसेंबरातल्या एका शनिवारसाठी मी घरच्या सहा जणांकरता जागा बघत होतो. पाच जाहिराती, पाच नावं, पाच नंबर. त्यातल्या तीन जाहिरातींत फोटो एकच. तोच झोपाळा, तीच पिवळ्या दिव्यांची माळ. दोन नंबरांवर आवाज एकाच माणसाचा, पण पहिल्यांदा माणशी बाराशे सांगणारा तोच दुसऱ्या नंबरवर पंधराशे म्हणाला. प्रत्येकाला मी एकच विचारलं, जागा कुठल्या गावात आहे आणि गट नंबर काय? एक म्हणाला, “सर, लोकेशन पेमेंट झाल्यावर पाठवतो.” दुसरा म्हणाला, “लेक-टच आहे सर, गावाशी काय करायचंय?” तिसऱ्याने फोनच ठेवला.

गावाशी काय करायचंय! या एका वाक्यात सगळं आलं.

हा धंदा चालतो कसा, ते बघा. जाहिरात देणाऱ्याकडे बहुतेक वेळा स्वतःचा एकही टेंट नसतो. तो एजंट. तो आधी गिऱ्हाईक पकडतो, ॲडव्हान्स घेतो, मग कुठे जागा मिळते ते बघतो. ठाकूरसाई, आंबेगाव, फांगणे, ब्राह्मणोली, जिथे जागा मिळेल तिथे माणसं पाठवायची. मधल्यामध्ये त्याचा हिस्सा कापला जातो आणि उरलेल्या पैशांत जागेवालं पोरगं चहा-भजी, बार्बेक्यू, जेवण, सकाळचे पोहे सगळं भागवतं. साध्या शनिवारी हे कसंबसं निभतं. एकतीस डिसेंबरला निभत नाही. एकच टेंट दोघा-तिघांना विकला जातो, दुधिवरे खिंडीत गाड्यांची रांग लागते, आणि रात्री नऊ वाजता एखादं कुटुंब अंधारात फोन फिरवत उभं असतं. पलीकडे फोन ‘स्विच ऑफ’.

आता कुणी म्हणेल, हजार-बाराशे रुपयांत काय पंचतारांकित पाहिजे का? नाही. साधी सतरंजी चालेल. पण स्वस्त वस्तूलाही कुणीतरी धनी असतो. दहा रुपयांचा वडापाव खराब निघाला तर गाडीवाल्याला तिथल्या तिथे जाब विचारता येतो. इथे जाब कुणाला विचारायचा, हेच तर लपवलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला मान्य करून पुढे जायचंय. “गावातल्या पोरांनी चार पैसे कमवायला सुरुवात केली, ते तुमच्या डोळ्यात खुपतंय का?”

नाही हो, उलट आहे. पवना धरण होऊन अर्धशतक उलटलं. ज्यांची घरं, शेतं पाण्याखाली गेली, त्यांतली शेकडो कुटुंबं आजही पुनर्वसनाच्या जमिनीसाठी सरकारी दारात उभी आहेत. ९ ऑगस्ट २०११ ला याच मावळात, बंद जलवाहिनीच्या विरोधात एक्स्प्रेसवेवर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन जीव गेले. या पाण्याची किंमत मावळाने दोनदा मोजलीय. त्यामुळे या पाण्याकाठी पहिला हक्क कुणाचा, असं विचाराल तर माझं उत्तर एकच, धरणग्रस्तांचा.

पण आत्ता तो हक्क त्यांना मिळतोय का? जागा गावाची, राबणं गावाचं, ताटं-वाट्या घासणं गावच्या बायांचं. गिऱ्हाईक मात्र एजंटच्या फोनमध्ये. दर तोच ठरवणार, फोटो तोच टाकणार, आणि भांडण झालं की शिव्या खाणार जागेवालं पोरगं. पोलीस आले तरी तेच पोरगं सापडतं. म्हणजे ज्याची जमीन गेली तो स्वतःच्या गावात वेटर, आणि ज्याने गाव बघितलंही नाही तो मालक. गोंधळाचा फायदा गावाला होत नाही. ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, त्याला होतो.

तिसरी बाजू पाण्याची. मी पिंपरी-चिंचवडकर. पवनेतून सोडलेलं पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलून आमच्या नळाला. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आम्हाला ते दिवसाआड यायला लागलं. त्या पाण्याच्या काठावर शनिवारी रात्री नेमकी किती माणसं झोपतात, त्यांना संडास किती, ते मैलापाणी जातं कुठे, याचा आकडा कुठल्या फलकावर कुणी वाचलाय का? धरणासाठी संपादित झालेली जमीन जलसंपदा खात्याची. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि गाळपेराची जमीन उघडी पडते. पाणी जसं खाली सरकतं, तसे टेंटही खाली सरकतात. डिसेंबरात ज्या काठावर तुम्ही झोपलात, तो काठ मे महिन्यात काठ राहत नाही. मग तुमचं ‘बुकिंग’ नक्की कुठल्या जमिनीचं होतं? खाजगी शेताचं की सरकारी तळाचं? हे गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

जीवाचा प्रश्न तर आहेच. रात्री पाण्यात उतरणारे, दारू पिऊन पोहायला जाणारे, थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी टेंटमध्ये घेऊन चेन लावून झोपणारे. बंद टेंटमध्ये कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. हे कुणी सांगायचं? जिथे जबाबदार माणसाचं नाव नाही, तिथे सूचना देणारंही कुणी नाही.

आणि सरकार काय करतं? सरकारकडे एकच औषध आहे, बंदी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर मावळासह जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश निघाले. महिना सरला, आदेश सरला, गर्दी पुन्हा तीच. बंदी घालायला एक सही लागते. व्यवस्था उभी करायला वर्षभर राबावं लागतं. म्हणून बंदीच घातली जाते.

कायदे नाहीत अशातलाही भाग नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून मनाई करतात. ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार कुठे करायची ते दाखवलं पाहिजे, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. ‘शेवटचे दोनच टेंट शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, आधी कमी दर दाखवून मग एकेक आकार वाढवत नेणं, याला ग्राहकांची फसवणूक ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं ३० नोव्हेंबर २०२३ ला निघालीत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं, साहसी पर्यटन धोरण २०२१ चं. कागद भरपूर आहेत. कागदापासून पवनेच्या काठापर्यंत रस्ता नाही.

जमणार नाही, असं म्हणू नका. ताडोबात जमतं. तिथे कुठल्या गेटमधून किती गाड्या आत सोडायच्या ते ठरलेलं असतं आणि परमिटवर नाव असतं. ताडोबातही सगळं आलबेल नव्हतं. २०२३ मध्ये सफारीचं बुकिंग बघणाऱ्या खाजगी एजन्सीच्या लोकांवर कोट्यवधींच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे. पैसे एखाद्या मधल्या माणसाच्या खात्यातून फिरवायचे नाहीत, आणि हिशेब सगळ्यांना दिसला पाहिजे.

म्हणून मागण्या लिहितो. तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी वाचाव्यात.

१. पवनेकाठच्या प्रत्येक कॅम्पसाईटला नंबर द्या. गाव, गट नंबर, चालवणाऱ्याचं नाव, टेंट किती, माणसं किती, संडास किती, हे पाटीवर आणि तालुक्याच्या जाहीर यादीत लावा.

२. यादीत पहिला नंबर धरणग्रस्त कुटुंबांचा आणि स्थानिक महिला बचत गटांचा. बाहेरच्याला जागा चालवायची असेल तर नंतर.

३. पाण्यापासून किती अंतर सोडायचं ते जलसंपदा खात्याने जागेवर खुणा करून दाखवावं. नकाशात दाखवून कुणाला दिसत नाही.

४. ॲडव्हान्स थेट जागेवाल्याच्या खात्यात. पावतीवर साईटचा नंबर आणि पैसे परत कधी, किती मिळणार ते.

५. जलसंपदा, महसूल, पीएमआरडीए, ग्रामपंचायत, पोलीस, पर्यटन संचालनालय. सहा दारं आहेत, सहाही ठिकाणी ‘आमच्याकडे येत नाही’ हेच उत्तर. यातलं एक दार ठरवून द्या आणि त्याचा फोन नंबर पाटीवर लिहा.

यातल्या एकाही गोष्टीला हजार कोटी लागत नाहीत. पाट्या लागतात आणि इच्छा लागते.

आणि आपण? सरकारला चार शिव्या घालून शनिवारी पुन्हा त्याच नंबरवर पैसे पाठवायचे, असं नको. ॲडव्हान्स पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. गाव कुठलं, गट नंबर काय? चालवणाऱ्याचं नाव काय, तो रात्री तिथे असतो का? पैसे परत द्यायचं लेखी काय आहे? उत्तर आलं नाही तर पैसे पाठवू नका, मग फोटो कितीही छान असो. नीट धंदा करणारी पोरं आहेत, माझ्या ओळखीची आहेत. ती हे तिन्ही बिनधास्त सांगतात, उलट खूश होतात. फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीला १९३०, ग्राहक तक्रारीला १९१५. दोन हजारांसाठी कोण फोन करत बसणार, या आपल्या आळसावरच तर हा बाजार उभा आहे.

ज्या जमिनीवर झोपायचं तिचा गट नंबर विचारणं हा उद्धटपणा नाही. मावळातल्या माणसाने याच गट नंबरासाठी पन्नास वर्षं खेटे घातलेत. आपण निदान एकदा विचारायला काय हरकत आहे?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण या शनिवारी जाणाऱ्या एका तरी मित्राला हे आधी वाचायला द्या.