‘घरचा माणूस’ ही शिवी आहे



सरकारी नोकऱ्या आटल्या. बी.ए., बी.कॉम. झालेली आपली पोरं आता हिंगोली-नांदेडच्या ट्रान्सपोर्टच्या पेढ्यांवर बिल्ट्या फाडायला बसायलीत. अकोल्याहून नांदेडला जाणारा हमरस्ता आपल्या कळमनुरीतूनच जातो. वसमत-हिंगोलीची हळद, सोयाबीन, कापूस, सगळं ह्याच रस्त्यानं बाहेर पडतं. ट्रक आपल्याला नवा नाही. पोतं उचलणारी पाठ आपली, ताडपत्री आवळणारा हात आपला. आता टेबलही मिळालं म्हणून काहीजण खूष आहेत. कुणी ‘मॅनेजर’ झाला की वस्तीत पेढे वाटले जातात. मीही खाल्ले. आता जरा कडू बोलतो.

घराण्याच्या मालकीच्या ट्रान्सपोर्टमध्ये माणूस कसा वर चढतो, हे एकदा नीट बघा.

क्लीनर म्हणून लागलेला पोरगा पाच-सात वर्षांत ड्रायव्हर होतो. तिथं संपलं. ड्रायव्हरच्या पुढं पायरीच नाही. पुढं आहे ती पाठदुखी, डोळे आणि अपघात. हमाल फार तर मुकादम होतो. तिथं संपलं. बिल्टी लिहिणारा कारकून गोडाऊन सांभाळायला लागतो, मग दहा-पंधरा वर्षांनी शाखेचा मॅनेजर होतो. ही सगळ्यात उंच शिडी. ती ज्या भिंतीला टेकवलेली आहे त्या भिंतीच्या वरच्या मजल्याला दारच नाही.

वरच्या मजल्यावर जाणारा जिना घराच्या आतून आहे. त्यावरून मालकाचा मुलगा येतो, पुतण्या येतो, मेहुणा येतो. मालकाच्या पोरीला त्या जिन्यावर सहसा जागा नसते, पण तिच्या नवऱ्याला असते. जावई म्हणून लग्नाच्या मांडवातूनच तो थेट केबिनमध्ये.

मालक म्हणतो, ‘आमचे चिरंजीवसुद्धा खालपासूनच शिकले, गोडाऊनमध्ये उभे राहिले.’ खरं आहे. सहा महिने उभे राहिले. मालकाचा पोरगा सहा महिने गोडाऊनमध्ये उभा राहिला तर ते शिक्षण. आपला पोरगा बारा वर्षं उभा राहिला तर ती त्याची लायकी.

आमच्या गल्लीतल्या एका गड्याची गोष्ट. पेढीचं नाव घेत नाही, त्याला अजून तिथं पगार घ्यायचाय. अकरा वर्षं झाली. कोणता व्यापारी उधारी बुडवतो, कोणत्या महिन्यात हळदीला गाड्या कमी पडतात, परतीच्या भाड्याला माल कुठं मिळतो, सगळं ह्याच्या डोक्यात. मालकाचा पुतण्या कॉलेज उरकून आला. ह्यानंच त्याला बिल्टी शिकवली, काटा दाखवला, व्यापाऱ्यांच्या ओळखी करून दिल्या. आता तो पुतण्या ह्याच्या रजेच्या अर्जावर सही करतो. ह्यानं तोंड उघडलं तर मालक पाठीवर हात ठेवतो, ‘अरे, तू तर आमच्या घरचाच!’

ह्या एका वाक्यावर अख्खा धंदा उभा आहे. घरचा म्हणून रात्री दोनला फोन करता येतो. घरचा म्हणून ओव्हरटाईम मागायचा नाही. घरचा म्हणून नेमणुकीचं पत्र कशाला? मालकाच्या घरी लग्न निघालं तर घरच्यानं मांडवात राबायचं. आणि वाटणीच्या दिवशी? त्या दिवशी घरचे कोण आणि बाहेरचे कोण, हे सगळ्यांना बरोबर समजतं. म्हणून म्हणतो, ‘घरचा माणूस’ ही शिवी आहे. हसून दिलेली, एवढंच.

मालकाची बाजूही ऐकू. तो म्हणतो, धंदा रोखीचा आहे. डिझेलला रोख, ड्रायव्हरच्या खुराकीला रोख, वाराईला रोख. माल दुसऱ्याचा, भाडं उधारीवर. इथं विश्वासाचाच माणूस लागतो. हे खोटं नाही. पण मग विचारा, अकरा वर्षं गल्ला कुणाच्या हातात होता? उधारी कुणी वसूल केली? गल्ला राखायला विश्वास पुरतो, चेकवर सही करायला तोच विश्वास पुरत नाही. भाडं ठरवायचा अधिकार नाही, माणूस लावायचा अधिकार नाही, गाडी घ्यायचा-विकायचा तर प्रश्नच नाही. उधारी बुडाली की मात्र जबाबदार मॅनेजर. ह्याला मॅनेजर म्हणत नाहीत. हा व्हिजिटिंग कार्ड छापलेला मुनीम.

कुणी म्हणेल, हे गावच्या पेढीचं झालं, मोठ्या कंपन्यांत असं नसतं. मोठ्या कंपन्या बघू. ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे टीसीआय. प्रभुदयाल अग्रवाल यांनी १९५८ साली कलकत्त्यात एका ट्रकवर सुरू केली. मुलगा अध्यक्ष झाला, नातू व्यवस्थापकीय संचालक झाला. २०१६ साली टीसीआय एक्सप्रेस वेगळी काढली, ती दुसऱ्या नातवाकडं. ‘गती’ ही टीसीआयमधूनच १९८९ साली निघाली, ती संस्थापकाच्या आणखी एका मुलाकडं गेली, आणि २०२० मध्ये दुसऱ्याच कंपनीच्या ताब्यात गेली. शेताच्या बांधावर भावकीत वाटण्या होतात तशाच ह्या वाटण्या, फक्त एकरांच्या जागी शेअर. हुबळीचं व्हीआरएल घ्या. विजय संकेश्वर यांनी १९७६ साली गदगला एका ट्रकवर सुरुवात केली. माणूस कष्टाचा, त्यात वाद नाही. घरचा छापखाना सोडून ह्या धंद्यात उतरला. २०१५ साली कंपनी शेअरबाजारात आली, लोकांचा पैसा आत आला. बाप अध्यक्ष, मुलगा व्यवस्थापकीय संचालक. ह्या माणसांना मी चोर म्हणत नाही. ते लपवत नाहीत, अहवालात छापतात. माझा मुद्दा एवढाच की बापाच्या कष्टाला लोक कर्तबगारी म्हणतात आणि मुलाच्या खुर्चीलाही कर्तबगारीच म्हणतात. दुसऱ्या गोष्टीला मराठीत वेगळा शब्द आहे. वतन.

वतन ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला महारवतन होतं. पिढ्यान्‌पिढ्या राबायचं वतन. बाबासाहेबांनी ते मोडायला १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं. आपलं वतन कायद्यानं गेलं. त्यांचं अजून चालू आहे.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात नातेवाईकाला पगारी पदावर बसवण्याबद्दल कलम आहे. महिना अडीच लाखाच्या वर पगार असेल तर भागधारकांच्या मंजुरीची तरतूद आहे, आणि त्यातूनही पळवाटा आहेत. म्हणजे कायदा काय म्हणतो? नातेवाईकाला बसवा, पण वहीत लिहा. आपल्या नावाला मात्र वहीच नाही. राज्यघटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं. खाजगी पेढीच्या उंबऱ्याशी ते थांबतं. २००६ च्या सुमारास खाजगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा दिल्लीत निघाली, तेव्हा उद्योगपतींच्या संघटना म्हणाल्या, कायदा नको, आम्ही स्वखुशीनं करू. स्वखुशीनं काय झालं? २०१० सालच्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची जात अभ्यासकांनी तपासली. नऊ हजारांच्या वर संचालक. त्यात त्र्याण्णव टक्क्यांच्या आसपास उच्च जातीचे. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून साडेतीन टक्के. ही त्यांची स्वखुशी.

आत शिरायच्या आधीच चाळणी लागते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली छापून आला. एकाच शिक्षणाचे अर्ज, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या दोन-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या कंपन्यांत माणसं निवडणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. अधिकारी म्हणत, जात बघत नाही, गुणवत्ता बघतो. आणि मग उमेदवाराला विचारत, वडील काय करतात? घरचं वातावरण कसं? ‘फॅमिली बॅकग्राउंड’! दिल्लीतला साहेब इंग्रजीत जे विचारतो तेच आमच्या मोंढ्यातला शेठ मराठीत विचारतो, ‘कुणाचा रं तू?’ बापाचं नाव आपल्या तोंडून निघालं की शिडी किती पायऱ्यांची, ते तिथंच ठरतं.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. तुटलेला धागा जोडणं हे माझं काम. त्या धाग्यानंच मला वाचायला लावलं. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आमचं तोंड विटाळाचं. साचेखात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही जास्त! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढं १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी नेमकं हेच मांडलं, की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावं लागतं. बघा, तिथंही ‘घर’च आडवं आलं. घरात शिरता येत नाही म्हणून बढती नाही. आज शेठ आपल्याला तोंडानं घरचा म्हणतो, आणि बढती तरीही नाही. त्याच परिषदेत त्यांनी कामगाराचे शत्रू दोन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. घराण्याच्या पेढीत दोघी एकाच गादीवर मांडी घालून बसलेल्या असतात.

आता नेहमीचा सवाल येईल. ‘धंदा त्यांच्या बापाचा. कुणाला बसवायचं ते त्यांनी ठरवावं, तुम्ही कोण?’

मान्य, ट्रक तुझ्या बापाचा. रस्ता कुणाच्या बापाचा? हमरस्ता लोकांच्या पैशाचा, त्याच्यासाठी जमिनी गेल्या त्या लोकांच्या. परमिट सरकारचं. ट्रकचं कर्ज बँकेचं, म्हणजे ठेवी आमच्याही. कंपनी शेअरबाजारात गेली तर भांडवलही लोकांचं. एवढं सगळं सार्वजनिक घेऊन फक्त खुर्ची खाजगी? आणि आरक्षणानं गुणवत्ता मरते म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, रक्ताच्या नात्यानं गुणवत्ता कशी जगते? जन्मावर जागा देणारं देशातलं सगळ्यात जुनं आरक्षण घराण्याचं आहे. त्याला टक्केवारी नाही, जातपडताळणी नाही, क्रीमी लेयर नाही.

दुसरा सवाल आपल्यातलेच करतात. ‘नोकरी कशाला मागता, मालक व्हा.’ व्हा ना. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, कर्ज काढा, गाडी घ्या. पण गाडी घेतल्यावर तुम्ही केबिनमध्ये कुणाला बसवणार? साडूला? आणि शेजारच्या मातंगाच्या, वडाराच्या पोराला पोतं उचलायलाच ठेवणार? मग निळ्या रंगाचा ट्रक आला, एवढाच फरक. व्यवस्था तीच, नंबरप्लेट नवी. हा वार आपल्याच अंगावर आहे, तो चुकवू नका.

मग करायचं काय? कविता करून भागत नाही, हे कवीच सांगतोय.

पहिलं, पेढीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं नेमणुकीचं पत्र मागावं. पद, पगार, तास कागदावर. जो ‘घरचा’ आहे त्यानं आधी मागावं. दुसरं, बढतीचा नियम लिहून भिंतीवर लावायला सांगा. किती वर्षांनी, कोणत्या कामावर, कोण ठरवणार. पुतण्यालाही तोच नियम. तिसरं, हमालांची नोंद माथाडी मंडळात करा. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलाय, शेठच्या दयेतून नाही. चौथं, ड्रायव्हर, हमाल आणि टेबलावरचा कारकून ह्यांनी एका संघटनेत यावं. मॅनेजर म्हणवणाऱ्या आपल्या पोरानं हमालापासून खुर्ची लांब ओढली, तर शेठचं अर्धं काम त्यानंच केलं. पाचवं, खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी चौदा एप्रिलच्या भाषणापुरती ठेवू नका. तहसीलवर न्या, मोंढ्यात न्या, मत मागायला येईल त्याच्या तोंडावर विचारा.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. पत्र मागितलं म्हणून एखाद्याला काढतीलही. तेव्हा त्याच्या घरी चूल पेटती ठेवायची जबाबदारी आपली. ती घ्यायची तयारी नसेल तर पोरांना लढायला सांगू नका.

आणि उद्या कुणी शेठ पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘तू तर आमच्या घरचाच,’ तर हात जोडून सांगा, शेठजी, आम्हाला आमचं घर आहे. तुमच्या घरातली जागा नको. कामाची जागा द्या, आणि ती लिहून द्या.

जयभीम.