विचारल्याशिवाय बोलायचं नाही!

शनिवारची रात्र. सगळा ग्रुप बाणेरच्या कुठल्याशा रूफटॉपवर. 'कुठेयस?' असे चार मेसेज येऊन पडलेले. आणि मी वाकडच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलवर, साडेतीनशे रुपयांच्या एका नंबर-पॅडची मनधरणी करतोय. 'अरे बोल ना राजा, काहीतरी बोल!' बायको पाणी प्यायला उठली. तिने माझ्याकडे बघितलं, पॅडकडे बघितलं आणि एक अक्षर न बोलता परत झोपायला गेली. तिचं म्हणणं मला पोचलं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, पण बोलणं गेलं. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. बाबांना आपलं बोलणं नीट समजतं, स्वतःला काय म्हणायचंय तेही माहीत असतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. कराडच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. 'पाणी' म्हणायला जातात, भलतंच काहीतरी बाहेर पडतं, आणि मग चिडून गप्प बसतात.

माझी आयडिया एकदम सिंपल होती. एक नंबर-पॅड घ्यायचा. प्रत्येक बटणावर चित्र चिकटवायचं: पेला, कप, पंखा. बटण दाबलं की स्पीकरमधून शब्द. तुम्ही म्हणाल, मोबाइलवर अशी ॲप असतात की! असतात. पण बाबांचं बोट टचस्क्रीनवर ठरत नाही. त्यांना 'टक' असं वाजणारं खरंखुरं बटण हवं होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठली. एक अर्डुइनो, एक छोटं एमपी-थ्री मॉड्यूल, एक स्पीकर. दिवसभर हिंजवडीत बसून वेबसाइट्स लिहिणाऱ्या माणसाला कॉलेजातला ८०५१ आठवून एकदम तरुण वाटायला लागलं. एका वीकेंडचं काम, बॉस!

आणि तिथेच पहिली ठेच लागली. पॅडची यूएसबी वायर अर्डुइनोला जोडून काहीही होत नाही. कारण यूएसबीमध्ये दोन जाती असतात. एक होस्ट, दुसरं डिव्हाइस. तुमचा कॉम्प्युटर होस्ट. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह ही सगळी डिव्हाइस. आणि नियम एकच, पण कडक: डिव्हाइसने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आपण बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड कॉम्प्युटरला हाक मारतो असं आपल्याला वाटतं ना? साफ चूक. कॉम्प्युटरच त्याला सेकंदाला शंभर-शंभर वेळा विचारत असतो, 'काही आहे का? काही आहे का?'

ही व्यवस्था १९९६ साली आली. तिच्या जनकांमध्ये इंटेलचे अजय भट्ट यांचं नाव घेतलं जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. (पिन पहिल्या झटक्यात कधीच का जात नाही, हा प्रश्न त्यांनाही विचारून झालाय. दोन्हीकडून चालणारी पिन केली तर खर्च वाढला असता, असं त्यांचं उत्तर.) वस्तू स्वस्त राहावी म्हणून सगळी अक्कल होस्टच्या डोक्यात आणि डिव्हाइस बिचारं साधंसुधं. म्हणजेच सगळी जबाबदारीही होस्टची.

आणि आता होस्ट व्हायचं होतं माझ्या अर्डुइनोला. त्याच्या मेमरीचा आकार २ किलोबाइट. आपल्या गुड मॉर्निंगवाल्या गुलाबाच्या फोटोलाही याच्या कितीतरी पट जागा लागते.

मॅक्स ३४२१ई नावाची एक चिप मिळते, ती जोडली की अर्डुइनोला होस्ट होता येतं. तिच्यासाठी तयार लायब्ररीही मिळते. मी ती आधी वापरली. पॅड कधी ओळखला जायचा, कधी नाही. का, ते मला कळेना. मग विचार केला, उद्या रात्री दोन वाजता कराडहून आईचा फोन आला की 'अरे, हे बोलत नाहीये', तर मी काय सांगणार? ज्या कोडवर बाबांचं बोलणं अवलंबून, त्याची प्रत्येक ओळ मला माहीत हवी. ठरलं. ड्रायव्हर आपणच लिहायचा.

सुरुवात म्हणजे चक्क कांदेपोहे! पॅड जोडला की त्यातल्या दीड किलोओहमच्या एका रेझिस्टरमुळे होस्टला कळतं, दारात कुणीतरी आलंय. लगेच बोलायचं नाही. १०० मिलिसेकंद थांबायचं, पाहुण्याला टेकू द्यायचं. मग रीसेट. या क्षणी त्याला नाव नसतं, पत्ता शून्य. आधी त्याच्या माहितीचे फक्त पहिले ८ बाइट मागायचे. एका घासात तो किती बोलू शकतो, ते त्यात असतं. मग त्याला नवा पत्ता द्यायचा, १ ते १२७ मधला. मग सगळी माहिती: घराणं कोणतं, करतोस काय, किती वेळाने विचारलेलं चालेल? माझा पॅड म्हणाला, दर १० मिलिसेकंदांनी.

इथपर्यंत यायला मला तीन वीकेंड लागले. पहिला तर नुसता पॅडला जागं ठेवण्यात गेला. तारेवर दर मिलिसेकंदाला एक ठोका द्यावा लागतो. ३ मिलिसेकंद शांतता झाली की डिव्हाइस खुशाल झोपतं. माझ्या कोडमध्ये तो ठोका सुरू करायचाच राहिला होता.

आणि मग तो शनिवार. मी विचारतोय, आणि स्क्रीनवर एकच आकडा: ४. ४. ४. ४. माझ्या कोडने तीनदा ४ बघितला की 'पॅड मेला' असं जाहीर करून तो सगळा कांदेपोह्यांचा कार्यक्रम पुन्हा सुरू करायचा. रात्री दीड वाजता मी चिपचं माहितीपत्रक नीट वाचलं. ४ म्हणजे एरर नव्हतीच. ४ म्हणजे नॅक. नॅक म्हणजे, 'मी आहे. तुझा प्रश्न पोचला. आत्ता सांगण्यासारखं काही नाही, पुन्हा विचार.' समोर खरंच कुणी नसेल तर वेगळा आकडा येतो, १४. टाइमआउट. मी दोघांना एकाच मापाने मोजत होतो.

मी लॅपटॉपवरून हात काढले. कारण मला माझा रविवारचा फोन आठवला.

'बाबा, बरं वाटतंय का?' शांतता. दोन सेकंद. 'बाबा, औषध घेतलं का?' शांतता. मग फोन आईकडे. 'हो रे, घेतलंय त्यांनी.' संपलं, चार मिनिटं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प्रश्न विचारा आणि थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मी मान डोलावली होती. आणि दर रविवारी तीन प्रयत्नांत बाबांना टाइमआउट ठरवून मोकळा होत होतो.

असो. कोड दुरुस्त केला. नॅक आला तर शांतपणे १० मिलिसेकंदांनी पुन्हा विचारायचं. रात्रीच्या आठ तासांत २८ लाख ८० हजार वेळा. न कंटाळता, न चिडता.

त्या रात्री पॅड पहिल्यांदा बोलला. 'पाणी!' बटण सोडलं, पुन्हा दाबलं. ढिम्म! आता हे काय? तर यूएसबीमध्ये पाकिटांवर आलटूनपालटून शून्य आणि एक असे शिक्के असतात. तेच पाकीट दोनदा आलं तर कळावं म्हणून. मी शिक्का बदलायला विसरलो होतो. त्यामुळे 'बटण दाबलं' हे पाकीट मिळायचं, आणि 'बटण सोडलं' हे जुनंच समजून फेकलं जायचं. माझ्या कोडच्या मते बाबा अजून बटण दाबूनच बसलेले!

आता राहिला आवाज. कॉम्प्युटरचा बायकी आवाज बाबांना देणं मला जमेना. मग आठवलं, बाबा व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवायचे. टायपिंगचा कंटाळा. चॅट उघडलं, वर वर गेलो. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या नोट्स. आणि त्यातल्या कितीतरी मी ऐकल्याच नव्हत्या. कधी मीटिंग, कधी ट्रॅफिक, 'नंतर ऐकू'. त्या रविवारी सगळ्या ऐकल्या. गच्चीतल्या टाकीची गळती, शेजाऱ्यांचा कुत्रा, कृष्णेला आलेलं पाणी. त्यातूनच एकेक शब्द कापला. 'चहा.' 'पंखा.' 'नको.' 'पुरे आता.'

गणपतीत डबा घेऊन कराडला गेलो. आईने चित्रं चिकटवली. एक बटण रिकामं राहिलं होतं, नऊचं. ताई म्हणाली, त्यावर मी टाकते काहीतरी. टाक म्हटलं.

बाबांनी पहिल्यांदा दाबलं 'नको'. मग पुन्हा 'नको'. मग सलग सहा वेळा 'नको'. एक वर्षाचं साठलेलं होतं, सगळं काढलं. आई हसून हसून रडायला लागली.

मग ते थांबले. माझ्याकडे बघितलं. बोट बराच वेळ पॅडवर फिरत राहिलं. ताई मध्ये बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं. शेवटी टक. नऊ. डब्यातून बाबांचा ठणठणीत आवाज आला, त्यांच्या प्रत्येक व्हॉइस नोटची सुरुवात व्हायची तोच प्रश्न.

'जेवलास का?'

इतके दिवस मी समजत होतो की या घरात होस्ट मी आहे.

'नाही बाबा,' म्हटलं, 'तुमच्यासाठी थांबलोय.'