अधू दृष्टी कोणाची?

वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा आनंद वऱ्हाडातील प्रत्येक सुबुद्ध नागरिकास झाला असेल. परंतु अशा संस्थेची योग्यता इमारतीवरून ठरत नसते. तिच्या दारी कोणाचे गाऱ्हाणे ऐकले जाते, यावरून ठरते. आजवर फारसे न ऐकलेले असे एक गाऱ्हाणे आम्ही आज मांडीत आहो. ते आहे आनुवंशिक दृष्टिक्षयाचे.

आम्ही शिक्षक असताना वर्गात एक मुलगा होता. दिवसा तो फळ्यावरील अक्षरे घडाघडा वाची. दिवेलागणीला मात्र उंबरठ्यावर ठेचकाळे. घरचे त्याला शेवग्याचा पाला आणि पपई चारीत. आम्ही त्याला वेंधळा म्हणत असू. वेंधळेपणा आमचा होता, हे फार उशिरा कळले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी आलेला रातांधळेपणा ते दिल्याने जातो, हे खरे. पण जो त्यानेही हटत नाही, त्याचे मूळ पुष्कळदा जनुकांत असते. ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ या विकारात दृष्टिपटलातील मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशी प्रथम मरतात. पुढे दृष्टीचे क्षेत्र चहूबाजूंनी आक्रसते आणि माणूस जणू नळीतून जग पाहू लागतो. जगात सुमारे ४,००० माणसांमागे एकास हा विकार असतो. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लक्ष होती. या प्रमाणाने तेथे तीनशेच्या आसपास रुग्ण असावयास हवेत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे, तेथे एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव अधिक. हा कोणाचा शाप नव्हे, की पूर्वजन्मीचे पापही नव्हे.

यावर उपाय नाहीच काय? २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेने एका जनुकीय उपचारास मान्यता दिली. निर्धोक केलेल्या विषाणूकरवी निरोगी जनुक दृष्टिपटलाखाली पोहोचविण्याची ही किमया आहे. तथापि ती ‘आरपीई६५’ या एकाच जनुकाच्या दोषावर चालते, आणि या विकारास कारण होणारी जनुके ८० हून अधिक! शिवाय दोन्ही डोळ्यांच्या औषधाची किंमत ८,५०,००० डॉलर ठेवण्यात आली. आशेला जागा आहे, भाबडेपणाला नाही. या विकारावर मूलपेशी टोचून दृष्टी परत देण्याचा उपचार अद्याप मान्यताप्राप्त नाही, हे शेत विकून असल्या जाहिरातींमागे धावणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

म्हणून आमची मागणी माफक आहे. रातांधळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासले जावे. जनुकचाचणीची व विवाहापूर्वी सल्ल्याची सोय व्हावी. कारण कोणते जनुक बिघडले हे ठाऊक नसेल, तर उद्याचा उपचारही दारावरून परत जाईल. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी केवळ तक्त्यावरची अक्षरे वाचून घेऊ नयेत. २०१६ च्या कायद्याने दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असल्यास अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी असल्यास अंधत्व मानले आहे. त्या दाखल्यावर एखाद्याचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते. पांढरी काठी, मोठ्या अक्षरांची पुस्तके, बोलणारा संगणक, यांना कोट्यवधी डॉलर लागत नाहीत.

उपचार यावयाचा तेव्हा येईल. तोवर संध्याकाळी अडखळणाऱ्या मुलाला वेंधळा न म्हणता त्याचा हात धरण्यास कोणत्या शोधाची वाट पाहावयाची आहे?