बॉयलररूममधला माणूस

घरातील कर्ता माणूस गेल्यानंतर पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते आणि येणारा प्रत्येक जण गेलेल्याविषयीच बोलत असतो. चौदाव्या दिवसापासून मात्र घरात एक अलिखित नियम लागू होतो : त्यांचा विषय काढायचा नाही, आईला त्रास होईल. यामागचा हेतू मायेचाच असतो. तो हितकारक ठरतो का, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आणि वाचकांची अनुमती गृहीत धरून उदाहरण माझ्या वडिलांचेच घेतो.

नाना भारतीय नौदलाच्या इंजिन शाखेत नाविक होते. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठचे गाव त्यांनी विशीच्या आतच सोडले. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ येथे यंत्रशिक्षण झाले आणि पुढे ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या बॉयलररूममध्ये त्यांची नेमणूक झाली. ‘विक्रांत’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे डेकवरून झेपावणारी सी-हॉक विमाने येतात. नानांनी ती उडताना क्वचितच पाहिली. १९७१ च्या डिसेंबरात नौका बंगालच्या उपसागरात होती आणि तिची विमाने कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले करीत होती. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला असल्यामुळे तिच्या वेगावर मर्यादा आली होती. विमानाच्या उड्डाणासाठी डेकवर समोरून वारा लागतो, तो नौकेच्या वेगातून मिळतो आणि वेग वाफेतून. “वर लागणारा वारा आम्ही खाली तयार करीत होतो,” एवढेच नाना त्या युद्धाविषयी सांगत.

नौदल सुटले, तरी शरीरातून ते गेले नाही. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही आवाजाची सुरक्षित मर्यादा मानली जाते. जहाजाच्या यंत्रकक्षात तो शंभराच्याही पुढे जातो. अशा आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम उच्च स्वर ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने पुसट होतात आणि लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट होते. त्यामुळे आमच्या घरी नानांशी बोलायचे ते समोर उभे राहून, चेहरा दिसेल असे. आईने ही रीत घालून दिली होती आणि नातवंडांनीही ती उचलली होती. नानांची झोपही जहाजावरचीच होती. पहाटे चार ते आठच्या पाळीची सवय अशी मुरली होती की निवृत्तीनंतरही ते पावणेचारला उठत आणि आई त्यांच्याबरोबर चहा घेई.

नाना गेल्यावर आई पावणेचारला एकटी उठू लागली. दुपारी झोप नाही, जेवणावर वासना नाही, रक्तदाब वाढलेला. आप्तांचा सल्ला एकच : विसरायला शिका. शोक म्हणजे गेलेल्या व्यक्तीपासून मन हळूहळू सोडवून घेणे, हा विचार फ्रॉइडच्या १९१७ च्या निबंधापासून दीर्घकाळ प्रभावी होता. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली. गेलेल्यांशी असलेले नाते बहुतेक माणसे तोडत नाहीत, त्याचे रूप बदलून ते जपतात, आणि यात अनारोग्य असे काही नाही. आपल्याकडील वर्षश्राद्ध आणि पितृपक्ष यांना ही जाण फार पूर्वीपासून आहे.

आमच्या घरी हे धाकट्या नातीमुळे घडले. तिने आजीला विचारले, “आजोबा जहाजावर आंघोळ कशी करायचे?” आई हसली आणि तासभर बोलत राहिली. गोड्या पाण्याची टंचाई, बंदरातून येणारी पत्रे, रजेवर आल्यावर कपड्यांना येणारा तेलाचा वास. त्या दिवसापासून नात ते वहीत लिहून घेऊ लागली. ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि अखेर मोडीत निघाली. नानांच्या बॉयलररूमची हकीकत आता त्या वहीत आहे. आई आजही पावणेचारला उठते, पण चहानंतर पुन्हा झोपते. जेवणही पूर्ववत झाले आहे.

ज्या घरात असा शोक ताजा आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. “ते कसे होते?” असे मोघम विचारू नये, त्यांचे काम, खाणे, कपडे, सवयी यांविषयी विचारावे. डोळ्यांत पाणी आले म्हणून विषय बदलू नये. बोलायचे नसेल तर आग्रहही करू नये. मात्र सहा महिने उलटूनही तीव्र शोक दैनंदिन व्यवहार अशक्य करीत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो उपचारयोग्य विकार असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

आणि ज्यांचे वडील हयात आहेत, कारखान्यात, रेल्वेत किंवा जहाजावर ज्यांची उमेद गेली आहे, त्यांनी वडिलांची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी. मग समोर बसून, चेहरा दिसेल असे, त्यांच्या कामाविषयी विचारावे.