वाढलेल्या किमतीचा धनी कोण?

मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात ‘लॉफ्ट’ म्हणजे स्वयंपाकघरावरचा माळा. जुन्या ट्रंका, गणपतीचे मखर आणि वर्षातून एकदा लागणारी मोठी पातेली ठेवण्याची ती जागा. न्यूयॉर्कच्या सोहो भागात मात्र लॉफ्ट म्हणजे जुन्या कारखान्याचा किंवा वखारीचा अखंड मजला. तेथील भूखंड साधारणतः २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल आहेत. म्हणजे एका मजल्यावर जवळपास अडीच हजार चौरस फूट जागा मिळते. बिडाचे खांब, उंच छत आणि प्रशस्त खिडक्या असलेला असा मजला नूतनीकरणानंतर लक्षावधी डॉलरना विकला जातो. आतल्या यंत्रापर्यंत उजेड पोचावा म्हणून ठेवलेल्या त्या खिडक्या आज श्रीमंत ग्राहकाला भुरळ घालतात.

इमारत तीच, खांब तेच, जमीन तीच. मग ही प्रचंड किंमत निर्माण केली कोणी, आणि ती पदरात पडली कोणाच्या? नागरी जमिनीच्या अर्थशास्त्रातील हा मूलभूत प्रश्न आहे आणि सोहोचा इतिहास त्याचे उत्तर पुरेशा स्पष्टपणे देतो.

हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेस पसरलेल्या या वस्तीतील बिडाच्या दर्शनी भागांच्या इमारती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांना अवकळा आली होती. वारंवार लागणाऱ्या आगींमुळे अग्निशामक दलाच्या लोकांनी या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव ठेवले होते. रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेनुसार येथून रुंद द्रुतगती मार्ग जाणार होता. अशा वेळी १९६३ साली नगररचनातज्ज्ञ चेस्टर रॅपकिन यांचा पाहणी अहवाल आला. या जुनाट इमारतींत लहान उद्योग चालू आहेत, त्यांतील कामगारांचा मोठा भाग कृष्णवर्णीय आणि प्वेर्तोरिकन आहे, आणि त्यांना अन्यत्र रोजगार मिळणे कठीण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. रहिवाशांच्या व नागरिकांच्या चळवळीमुळे द्रुतगती मार्गाची योजनाही १९६९ साली गुंडाळावी लागली. अशा रीतीने इमारती वाचल्या. त्या वाचविण्यासाठी पुढे करण्यात आलेल्या युक्तिवादांत कामगारांच्या भाकरीचा युक्तिवाद महत्त्वाचा होता, हे विसरून चालणार नाही.

दरम्यान रिकाम्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार येऊन राहू लागले. निवासाची कायदेशीर परवानगी नव्हती आणि उष्णतेची सोयही अनेकदा नसे. शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १९६८ साली स्प्रिंग रस्त्यावरील पाच मजली इमारत ६८ हजार डॉलरना घेतली, यावरून त्या वेळच्या किमतींची कल्पना येते. कलावंतांनी संघटित होऊन लढा दिला आणि १९७१ साली शासकीय प्रमाणपत्र असलेल्या कलावंतांना तेथे राहून काम करण्याची मुभा मिळाली. १९७३ मध्ये हा भाग ऐतिहासिक क्षेत्र म्हणून घोषित झाला. दशकाच्या मध्यास औद्योगिक इमारतींचे निवासी रूपांतर करणाऱ्यांना महापालिकेने करसवलत दिली. १९८२ साली न्यूयॉर्क राज्याने बेकायदा लॉफ्टमधील भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा केला.

या क्रमाचा अर्थ लावला पाहिजे. कायद्याने बिडाच्या खांबांचा हक्क मान्य केला, कलावंताचा हक्क मान्य केला, भाडेकरूचाही मान्य केला. ज्या शिवणकामगार स्त्रीच्या नावाने या इमारती वाचल्या, तिचा हक्क तेवढा कोणत्याही कायद्यात बसला नाही. कलावंतांनी वस्तीला नाव मिळवून दिले, शासनाने तिला वारशाचा मान आणि करदात्यांचा पैसा दिला. यांतून वाढलेली किंमत मात्र मालमत्तेच्या धन्याकडे गेली. पुढे सामान्य कलावंतालाही तेथे राहणे परवडेनासे झाले. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या १९८२ सालच्या ग्रंथात कला, शासन आणि भांडवल यांची ही साखळी उलगडून दाखविली आहे.

जमिनीचा खंड मालकाच्या कर्तबगारीतून निर्माण होत नाही, हा विचार रिकार्डोपासून चालत आला आहे. समाजाच्या वाढीमुळे वाढलेले भूमूल्य कराद्वारे समाजाकडे परत आले पाहिजे, असे सांगणारे हेन्री जॉर्ज १८८६ साली याच न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. सोहो हे त्यांच्या प्रतिपादनाचे जणू प्रात्यक्षिकच ठरले.

जुन्या इमारतीचे नूतनीकरण हाच गुन्हा आहे, असे कोणी म्हणणार नाही. भक्कम वास्तू पाडून टाकण्यापेक्षा तिचा नवा वापर करणे केव्हाही शहाणपणाचे. अवजड मालमोटारी आणि एकमजली विस्तीर्ण कारखाने यांच्या युगात बहुमजली इमारतींतील उद्योगांना ओहोटी लागणार होतीच, हेही मान्य केले पाहिजे. आक्षेप आहे तो लाभाच्या वाटणीला. उद्योग गेल्याचा तोटा कामगाराने सोसावा आणि उद्योग गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेचा नफा मालकाने घ्यावा, हा कोणत्याही आर्थिक नियमाचा अटळ परिणाम नव्हे. तो धोरणाचा परिणाम आहे.

मराठी वाचकाला ही कहाणी परकी वाटण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कचा लॉफ्ट कायदा झाला त्याच १९८२ सालच्या १८ जानेवारीला मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमावलीत पालिका, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक असे तीन वाटे ठरले. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती मर्यादित केली, त्यामुळे सार्वजनिक वाटा आक्रसला. आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. कामगारांसाठी पुढे घरे बांधली गेली ती २२५ चौरस फुटांची. सोहोच्या एका मजल्यात अशी अकरा घरे मावतील! तेथे निदान कारखान्याच्या भिंती राहिल्या; येथे अनेक ठिकाणी एखादे धुराडे शोभेपुरते उरले.

उपाय अज्ञात नाहीत. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यातच भूमूल्यवाढीचा काही वाटा मालकाकडून घेण्याचे तत्त्व होते. जेथे शासनाच्या निर्णयाने जमिनीचा वापर बदलतो, तेथे वाढीव मूल्याचा मोठा हिस्सा आधी सार्वजनिक तिजोरीत जमा झाला पाहिजे. त्यातून कामगारांची घरे आणि लहान उद्योगांसाठी गाळे उभे राहिले पाहिजेत, आणि तेही त्याच वस्तीत, शहराबाहेर पन्नास किलोमीटरवर नव्हे. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२१ मध्ये सोहोचे नियम बदलताना नव्या निवासी बांधकामात काही घरे परवडणाऱ्या दराने देण्याची अट घातली. पण रॅपकिन यांच्या अहवालाला तोवर ५८ वर्षे झाली होती, आणि ज्यांच्यासाठी तो अहवाल बोलला ते कामगार केव्हाच पांगले होते. वापरबदलाची परवानगी देण्यापूर्वी वाटणी ठरविली तरच तिला अर्थ राहतो. मागाहून घातलेली अट ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यापर्यंत पोचत नाही.